आस्थेने वाचला

औलूत जानेवारीत तीन वाजताच
उजेड आपलं दुकान आवरून घेतो.
मी दिवा लावते, कॉफी ठेवते,
आणि मग पत्र उघडते. याच क्रमाने.
सतरावं आहे. घाई कशाला.

"आपला अर्ज आम्ही आस्थेने वाचला.
या वेळी निवड दुसऱ्या उमेदवाराची झाली असली,
तरी आपल्या पुढील वाटचालीस..."

इथे थांबले.
वाक्य ओळखीचं होतं,
रस्त्यात कुणी आपलाच जुना कोट घालून जावं
आणि कोपरावरचं ठिगळ दिसावं, तसं.

माझं आहे हे वाक्य.
एकोणीस वर्षांपूर्वी, कागदाच्या मिलमध्ये,
तिसऱ्या मजल्यावर, रेडिएटरला पाठ टेकून
मी ते लिहिलं होतं.
आधीचं पत्र दोन ओळींचं, थोबाडीत दिल्यासारखं.
साहेब म्हणाले, इर्मेली, जरा ऊब घाल त्यात.
अख्खी दुपार एका शब्दावर गेली.
"काळजीपूर्वक" लिहून पाहिलं, ते डॉक्टरी वाटलं.
"मनापासून" तर सरळसरळ खोटं.
मग "आस्थेने". साहेब खूश.

पुढे मिल बंद पडली, माणसं पांगली,
कुणीतरी जाताना हे वाक्यही उचललं असणार,
स्टेपलर उचलतात तसं.

किती जणांना पाठवलं मी?
दिवसाला चाळीस, कधी साठ.
नावापुरती जागा रिकामी,
बटण दाबलं की तिथे माणूस बसायचा
आणि लगेच उठायचा.
वाचायचे का अर्ज?
पहिलं पान. घाईत असले तर
नुसती जन्मतारीख.

उलट कुणी लिहीत नसे.
एकदाच केमीहून एक पोस्टकार्ड आलं,
याल्मारी नावाच्या पोराचं.
पुढे रेनडिअर, मागे एकच ओळ:
"कुठलं पान आवडलं, तेवढं कळवाल का?"
ऑफिसभर फिरलं ते. हसलो सगळे. मीही.
नंतर कॅलेंडरमागे टाचून ठेवलं.
का, ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

आता अठ्ठावन्नाव्या वर्षी
रोजगार कार्यालयातली मुलगी मला शिकवते
वर्षं कशी खोडायची.
नव्वदच्या आधीचं काही नको, म्हणते,
जन्मतारीख तर नकोच नको.
नखं निळी आहेत तिची. पोरगी चांगली आहे.
निघताना म्हणते, मनाला लावून घेऊ नका हं,
त्यांना तुम्ही ठाऊकच नसता.
मला सांगतेस, बाई?
मला जेवढं ठाऊक आहे तेवढं कुणाला असेल?
तरी लागतं.
दाराची बिजागरी आपणच बसवली
म्हणून बोट चेमटायचं राहतं का?

वरच्या मजल्यावरचा ताउनो
समुद्राच्या बर्फावरून परतला. जिन्यात बादली आपटली,
म्हणजे आजही रिकामीच.
मी खिडकीशी बसून त्या कंपनीला उत्तर लिहिलं:
पत्र सुबक आहे, फक्त "आस्थेने" तेवढं काढा.
आणि सही केली, पूर्ण नावाची.
मिनिटभरात जवाब:
आपला संदेश मिळाला, कृपया या पत्त्यावर उत्तर देऊ नये.
हसू आलं. हेही वाक्य मीच शिकवलं असेन कुणाला.

रात्री झोप लागेना.
त्या पोराचा अर्ज आठवू लागले.
काय शिकला होता, काय येत होतं त्याला,
दुसऱ्या पानावर काय होतं,
तिसऱ्यावर?
काही म्हणजे काही आठवेना.
तारीख तेवढी पाठ आहे. नऊ मार्च.
आता चाळिशीला टेकला असेल.
असेल कुठेतरी कामावर.
असावा.